आजचं चुकीचं वाक्य

जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
३ जून २०२५

प्रिय सरोजा,

माणसाच्या सहनशक्तीला मर्यादा असते, आणि आमच्या सोसायटीने ती गेल्या रविवारच्या सभेत बहुमताने ओलांडली. गेटवर आता ॲप बसवलंय. पूर्वी वॉचमन माणूस बघून आत सोडायचा. आता तो माणसाकडे बघतच नाही, मोबाईलकडे बघतो, आणि मग माझा मोबाईल बोंबलतो: 'आपल्याकडे पाहुणे आले आहेत, प्रवेश द्यायचा का?' अरे, मी तळमजल्यावर इंग्रजीचा क्लास चालवते. माझ्याकडे येतात ते पाहुणे नव्हेत, ते फी भरतात. फळ्यावर 'हॅड' लिहून झालं की एक पाहुणी, 'बीन' लिहून झालं की दुसरी. शेवटी मीच तोडगा काढला. फोन वाजला की न बघता हिरवं बटण दाबायचं. उद्या गेटवर हत्ती आला तरी तो माझ्या क्लासात बसून भूतकाळ शिकेल.

तुला हे सांगून काय उपयोग म्हणा! नवऱ्याला मारल्याबद्दल तू आत जाऊन चार वर्षं झाली. तुमच्या गेटवर आत येणाऱ्यापेक्षा बाहेर जाणाऱ्याची चौकशी जास्त. जेलरबाई, तुम्ही हे आधी वाचताय ते मला ठाऊक आहे. नमस्कार. विनोद होता.

बाकी दुपारची बायकांची बॅच यंदा जोरात आहे. एक उर्मिलाबेन आहेत. मुलगी कॅनडात, जावई फक्त इंग्रजीत बोलतो, आणि त्याच्याशी नीट भांडता यावं म्हणून बाई साठाव्या वर्षी शिकायला आल्यात. याहून पवित्र हेतू मी आजवर पाहिला नाही.

माझी पद्धत तुला आठवत असेल. दोन तुकड्यांचं वाक्य करायचं, मध्ये 'व्हेन' घालायचं, आणि वाक्य स्वतःच्या घरातलं हवं. दोन्ही तुकड्यांचा काळ जुळला पाहिजे. पहिला तुकडा काल घडला, तर दुसऱ्यानेही कालच घडावं, एवढी साधी अपेक्षा. पण आपल्या बायका पहिल्या तुकड्यात कालच्या असतात आणि स्वल्पविराम आला की टुणकन उडी मारून आजच्या होतात. त्यातलं सगळ्यात मजेदार वाक्य मी फळ्यावर लिहिते, खाली सुधारून लिहिते आणि फोटो काढून क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकते. 'आजचं चुकीचं वाक्य'. नाव टाकत नाही, मी काही राक्षसीण नव्हे. ग्रुपवर फी भरणारे सगळे असतात. म्हणजे नवरे.

सध्याची खाण म्हणजे रुचिता. चोवीसेक वर्षांची, काशीगावची. नवरा दिपेश फायनान्सवाल्यांसाठी हप्ते थकलेल्यांच्या बाईक उचलून आणतो. ही अंगाने बारीक, कायम दाराजवळच्या बाकावर. परवा म्हणाली, 'व्हेन माय हजबंड केम होम, ही लॉक्स द डोअर अँड आय वॉज स्टँडिंग इन द गॅलरी.' नवरा काल घरी आला आणि दार आज लावतोय! मी म्हटलं, 'अगं, मग रात्रभर दार सताड उघडंच? चोर आले असते!' वर्ग हसला, तीही हसली. कालचं तर कहर होतं: 'आय फेल व्हेन ही टेक्स माय हेअर.' मी पडले, आणि तो माझे केस घेतो! मी विचारलं, 'घेतो आणि ठेवतो कुठे? कपाटात?' उर्मिलाबेनना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. ग्रुपवर दोन्ही वाक्यं गाजली. खुद्द दिपेशने अंगठा दिलाय.

तू नेहमी म्हणायचीस, मृणे, तू मुलांचे निबंध वाचतेस की नुसते तपासतेस? तपासते. अर्थ वाचत बसलं की चूक दिसत नाही. सोनाराने तार जोडावी, दागिना कोणाच्या गळ्यातला ते विचारू नये.

पुस्तकं पाठवते. काय हवं ते कळव.

तुझी,
मृणालिनी


महिला बरॅक
१६ जून २०२५

मृणे,

पत्र काल मिळालं. जेलरबाई हत्तीपाशी हसल्या म्हणे. पुढे नाही हसल्या. पाकीट हातात देताना म्हणाल्या, "सरोजाबाई, तुमची ही मैत्रीण शिकलेली आहे ना?"

खडू खाली ठेव आणि ती दोन वाक्यं पुन्हा वाच. मी ती मराठी करून बरॅकमध्ये वाचून दाखवली. एकही बाई हसली नाही. एक म्हातारी आहे, फारशी बोलत नाही. तिने फक्त विचारलं, "गॅलरी कितव्या मजल्याची?"

मला माहीत नाही. तुला आहे?

ती गॅलरीत उभी होती, कारण गॅलरी समोरच्या बिल्डिंगमधून दिसते. चार लोक बघतात तिथे तो हात उचलत नाही. म्हणून त्याने आधी दार लावलं आणि मग तिला आत ओढलं. केस घेतो म्हणजे धरतो, मृणे. मुठीत धरतो. 'धरतो'ला इंग्रजी शब्द तू तिला दिला नव्हतास, म्हणून जो होता तो तिने वापरला. आणि तू विचारलंस, कपाटात ठेवतो का.

इथल्या सगळ्या अशाच बोलतात. "तो आला, आणि कडी लावतो, मी पडले, आणि तो लाथ घालतो." माणूस मरून माती झाला तरी लाथ आजच घालतो. तुझ्या फळ्यावर यातल्या एकीलाही मार्क मिळायचे नाहीत.

शाळेच्या स्टाफरूममध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून मी अकरा वर्षं डबा खाल्ला. ऐन मे महिन्यात मनगटापर्यंत बाह्यांचे ब्लाऊज घालायचे. तू एकदा निरखून बघितलंस आणि म्हणालीस, "सरोजा, तुला शोभतात गं लांब बाह्या, मीही शिवून घेते." आणि घेतलेसही दोन. तेव्हा मला हसू आलं होतं. अजूनही येतं.

आता कान उघडून ऐक. त्या पोरीचं यापुढे एकही वाक्य ग्रुपवर टाकायचं नाही. वर्गात सगळ्यांदेखत तिला काही विचारायचं नाही, डोळे पुसायचे नाहीत, पाठीवरून हात फिरवायचा नाही. तिच्या घरी जा, पण तिच्यासाठी आलीस असं दिसता कामा नये. तुझ्यासारखी आगाऊ बाई कसलंही निमित्त शोधू शकते.

आमच्याकडून पत्र बाहेर पडायला वेळ लागतो, पुढे पोस्टाची मर्जी. हे तुला मिळेपर्यंत काही घडू नये.

सरोजा


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२९ जून २०२५

सरोजा,

घडलं.

तुझं पत्र शुक्रवारी आलं. मी सोमवारीच कारभार उरकून बसले होते. सोमवारी रुचिता उभी राहिली आणि पहिल्यांदा एक अख्खं वाक्य न अडखळता म्हणाली: 'व्हेन माय हजबंड केम होम, ही लॉक्ड द डोअर, टुक ऑफ हिज बेल्ट, अँड आय वॉज होल्डिंग माय डॉटर.' एकही काळ घसरला नाही. मी टाळ्या वाजवल्या. तो घरी आला, त्याने दार लावलं, कमरेचा पट्टा काढला, आणि मी मुलीला उराशी धरून होते, या वाक्याला मी टाळ्या वाजवल्या, सरोजा. फळ्यावर चांदणी काढली. आणि मन मोठं करून या वेळी नाव टाकलं: 'या आठवड्याची विद्यार्थिनी, रुचिता.' ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. कोणीतरी लिहिलं, 'ग्रेट इम्प्रूव्हमेंट'. दिपेशने लिहिलं, 'थँक्यू मॅडम'.

दिपेशच्या हाताखालच्या एका पोराची बायको माझ्या सकाळच्या बॅचला येते. उचललेल्या बाईक जिथे ठेवतात त्या यार्डात त्या पोराने ते वाक्य सगळ्यांना मराठी करून ऐकवलं. "काय दिपेशभाई, पट्टा घरीपण चालतो का?" सगळे हसले. असल्या वाक्यांना हसायची सवय त्यांना कुठून लागली, ते तू विचारू नकोस.

मंगळवारपासून रुचिता आली नाही. मी हजेरीत गैरहजर लिहीत राहिले. मग तुझं पत्र आलं. शनिवारी काशीगावला गेले.

त्या म्हातारीला सांग, चौथा मजला.

दार सासूने उघडलं. मी सांगितलं, आमच्या क्लासची पद्धत आहे, गैरहजर विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घरी जाऊन घेतो. तू म्हणालीस तशी मी आगाऊ आहे. सासूबाई एकदम खूश. "बसा बाई, बसा. हाय ती आत. पडली बाथरूमात. सांगून आयकत न्हाय ना! च्या घ्याल का?"

रुचिता बाहेर आली. खालच्या ओठाला टाके. एक डोळा मिटलेला, त्याच्याभोवती पिकलेल्या जांभळासारखा रंग. उजव्या हाताला बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टर. मुलगी, इशिता, चार वर्षांची, आईच्या गाऊनमध्ये तोंड खुपसून. मी बॅगेतून कोरा कागद काढला आणि पेन उघडलं, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं.

"आय फेल," रुचिता म्हणाली. सासूबाईंनी मान डोलावली.

मी रोजच्यासारखंच म्हटलं, "व्हेन?" पुढचा तुकडा दे, असं.

ती सासूकडे न बघता, पाठ केलेली कविता म्हणावी तशी म्हणाली, "व्हेन ही शट्स द डोअर. माय हँड इज इन द डोअर. ही शट्स. ही ओपन्स. ही शट्स."

तिचा हात दाराच्या फटीत, आणि तो दार लावतो. उघडतो. परत लावतो. सासूबाईंनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मी दुरुस्त केलं नाही. जन्मात पहिल्यांदा एक वाक्य मी नुसतं ऐकलं.

मग आम्ही दोघींनी सासूबाईंच्या डोळ्यांदेखत, इंग्रजीत, पळून जायचं ठरवलं. मी प्रश्न विचारतेय अशा आवाजात विचारलं, तो बाहेरगावी कधी जातो? ती उत्तर देतेय अशा आवाजात म्हणाली, चौदा जुलैला, सोमवारी, नाशिकला, गाड्या आणायला. मी म्हटलं, त्या दिवशी मुलीला घेऊन क्लासला ये, कागदपत्रं आण, बाकी काही नको. तिचा भाऊ पराग महाडला असतो. त्याला मी फोन करायचा. 'ओके टीचर?' 'ओके टीचर.' सासूबाईंनी विचारलं, "पास हाय का?" मी म्हटलं, "पहिल्या नंबराने."



सासूबाई चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात पोलिसांत आजच जाऊया म्हटलं, तर तिने नकारार्थी मान हलवली. मुलगी घरात असेतो नाही. आता तू सांग, माझं काय सुटतंय? तुझ्या वकीलबाईंचा पत्ता दे. जेलरबाई, हे पत्र आणि त्याचं उत्तर तुमच्या टेबलावर पडून राहू देऊ नका. पाया पडते.

मृणालिनी


महिला बरॅक
४ जुलै २०२५

मृणे,

जेलरबाईंनी पत्र आलं त्याच दिवशी दिलं आणि माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "लिहा. मी थांबते." तेव्हा थोडक्यात.

वकीलबाईंचा नंबर मागच्या बाजूला आहे. माझं नाव सांग. चौदा तारखेला त्यांना क्लासवर बोलावून घे. तू एकटीने शूर व्हायचं नाही. बॅचच्या बायकांना आधी सांगून ठेव. ज्यांनी तिला हसून घेतलं त्यांना आता कामाला लाव. तो नाशिकला जाईल असं धरून चालू नकोस. असले पुरुष आयत्या वेळी घरी येतात. कसं कळतं त्यांना कोण जाणे, पण येतात.

तुझ्या वर्गात वजनदार काय आहे? ते सगळं हलव. त्याच्या हाताला लागू नये म्हणून, आणि तुमच्याही हाताला लागू नये म्हणून.

हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझा नवरा सदा अंगावर आला तेव्हा माझ्या हातात तवा होता. पहिला घाव मी घातला, मला आठवतो. तेवढ्यावर थांबले असते तर तो माझा बचाव होता, असं वकीलबाई म्हणतात. तो खाली पडला होता, मृणे. पुढचे घाव कोणी घातले ते मला अजून कळलेलं नाही. डॉक्टरांनी ते कोर्टात एकेक करून वाचून दाखवले आणि मी दुसऱ्या कुणाबद्दल ऐकावं तशी ऐकत होते. शिक्षा मला त्या न आठवणाऱ्या घावांची आहे.

त्या पोरीच्या हातात त्या दिवशी काही आलं, तर पहिल्या घावानंतर तिथे कुणीतरी असायला हवं. माझ्या स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.

सरोजा


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२० जुलै २०२५

सरोजा,

हे अक्षर माझंच आहे, फक्त डाव्या हाताचं. पहिलीतलं पोर बरं लिहील. वेलांट्या समजून घे.

चौदाला रुचिता आली, मुलीला घेऊन. एका पिशवीत जन्मदाखला, आधार आणि इशिताची पाण्याची बाटली. वकीलबाई मीरा रोडहून रिक्षात बसल्या होत्या, ट्रॅफिकमध्ये अडकल्या. बॅचच्या बायका सगळ्या हजर. त्यांना मी आदल्या आठवड्यात सांगितलं होतं. उर्मिलाबेन तेव्हा म्हणाल्या, "मृणालिनीबेन, हम तो हँसते थे." त्यानंतर रोज त्या रुचितासाठी डब्यात काहीतरी आणत होत्या, ती येत नसतानाही.

वर्गातलं वजनदार सगळं मी हलवलं होतं. पितळेची घंटा, पेपरवेट, खुर्च्यासुद्धा. बायका सतरंजीवर नि दोन बाकांवर. फळा तेवढा राहिला. फळा वजनदार असतो हे मास्तरणीच्या डोक्यात येत नाही.

सासूला कपाटात जन्मदाखल्याची फाईल दिसली नाही. तिने फोन केला. तो नाशिकच्या वाटेवरून माघारी वळला. माझा मोबाईल वाजला. मी वकीलबाईंची वाट बघत होते. न बघता हिरवं बटण दाबलं.

हत्ती आला, सरोजा.

तो ओरडला नाही. मला वाटलं होतं ओरडेल. दारातून आत आला, चपला काढल्या. हो, चपला काढल्या, क्लास आहे म्हणून. "मॅडम, हिला न्यायला आलोय," एवढं म्हणाला आणि रुचिताचे केस धरले. धरले, बरं का. मुठीभोवती वळसा देऊन. आणि ओढत निघाला. तिचं प्लास्टर बाकाच्या पायावर आपटलं तेव्हा ती जी किंचाळली, ती किंकाळी कुठल्याच भाषेतली नव्हती. मी त्याचा शर्ट धरला. त्याने मला नुसतं झटकलं, माशी झटकावी तसं, आणि मी भिंतीवर गेले. चष्मा फुटला, भुवई फाटली. एका डोळ्यात रक्त उतरलं. उर्मिलाबेननी त्याच्या तोंडावर स्टीलची बाटली हाणली. "छोड छोरी को, हरामी!" त्याचा दात पडला. मग त्याने पट्टा काढला. बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून फिरवला. एकीच्या गालावर लागलं, एकीच्या कानावर. इशिता बाकाखाली होती, कान झाकून, डोळे उघडे. फळा कोसळला आणि तो ज्यावर टेकवला होता त्या लोखंडी घोड्याचा पाय, चांगला जाड रॉड, निखळून घरंगळत रुचिताजवळ गेला.

तिने तो डाव्या हाताने उचलला. दिपेश पट्टा मागे घेत होता, तिच्यावर टाकायला. तिने त्याच्या कानशिलावर मारला. आवाज लहानसाच झाला. तो गुडघ्यांवर बसला, मग हात टेकले. कपाळावरून रक्ताची धार नाकाशी आली आणि सतरंजीवर पडायला लागली.

मी तिच्याकडे बघितलं. ती तिथे नव्हती. डोळे उघडे, पण आत कुणी नाही. रॉड परत वर गेला होता आणि त्याची मान खाली, उघडी.

मला तुझं स्वयंपाकघर दिसलं. मी कधी न पाहिलेलं.

विचार केला असं म्हणणार नाही. हात मध्ये घातला. हाडाचा आवाज मात्र मोठा असतो. मनगटाच्या वर दोन्ही हाडं. मी ओरडले आणि माझ्या ओरडण्याने ती परत आली. रॉडकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "मॅडम, तुम्हाला लागलं?" मी म्हटलं, "नाही गं, मजेत आहे." मग रॉड तिच्या हातून सुटला. उर्मिलाबेन दिपेशच्या पाठीवर बसल्या आणि पोलीस येईपर्यंत उठल्या नाहीत. शंभर नंबरला फोन लावत होत्या नि मध्येच त्याच्या पाठीवर एक गुद्दा.

तो जिवंत आहे. टाके पडलेत, अटक झालीय. आम्ही सगळ्यांनी एकच जबाब दिला, कारण सगळ्यांनी एकच बघितलं होतं. आधी पट्टा, मग एक घाव. दुसरा माझ्या हातावर. वकीलबाई म्हणाल्या, दुसरा त्याच्या मानेवर पडला असता तर आज वेगळं लिहावं लागलं असतं.

चौकीवर जबाब लिहून घेणारी पोलीस मुलगी रुचिताला विचारत होती, "ताई, मारलं लिहू की मारतो लिहू?" रुचिता म्हणाली, "दोन्ही लिहा." मी बाजूलाच बसले होते.

मृणालिनी


महिला बरॅक
२ ऑगस्ट २०२५

मृणे,

तुझं पत्र बरॅकमध्ये दोनदा वाचलं. चपला काढल्या तिथे सगळ्या हलल्या. प्रत्येकीच्या घरी एक चपला काढणारा होता.

तुझा हात मोडला, हे वाचून त्या म्हातारीने विचारलं, "कितवा घाव होता?" म्हटलं, दुसरा. ती बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "भाग्याची पोर." आणि उठून नळावर गेली.

तुझं कौतुक करायला हवं, पण मला आधी दुसरंच वाटलं. मला त्या पोरीचा हेवा वाटला. रात्रभर वाटत होता. लिहून टाकते, जेलरबाई वाचू देत. माझ्याही शेजारी तूच बसायचीस.

हे तुला टोचावं म्हणून लिहिलंय. टोचलं की पुरे, मग सोडून दे. तो जामिनावर सुटेल. ते सुटतात. पोरीला सांग, दाराला आतून साखळी लावून घे.

सरोजा


जेसल पार्क, भाईंदर (पूर्व)
२४ ऑगस्ट २०२५

प्रिय सरोजा,

टोचलं. सोडून देणार नाही.

तो सुटला. तिच्याजवळ जायचं नाही अशी कोर्टाची अट आहे. ती अट तो कितपत पाळेल ते तुला मी सांगायला नको. आजवर त्याने तिला दोन फोन केले आणि दोन्ही वेळा नुसता श्वास ऐकवला. पुढच्या सुनावणीला आम्ही सगळ्या जाणार आहोत, अख्खी दुपारची बॅच. उर्मिलाबेननी साडीसुद्धा काढून ठेवलीय.

रुचिता महाडला भावाकडे आहे. परागने दाराला साखळी लावलीय, आणि शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. तिच्या दोन बोटांना वाकायचं लक्षात राहिलेलं नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. इशिता अजून बाकाखाली झोपते. म्हणजे तिथे पलंगाखाली.

'आजचं चुकीचं वाक्य' मी बंद केलं. ग्रुपच मोडून टाकला. एका नवऱ्याचा मेसेज आला, 'मॅडम, वो जोक्स बंद क्यूँ किए? अच्छा टाइमपास था.' त्याच्या बायकोला मी आता पहिल्या बाकावर बसवते आणि तिची वाक्यं आधी वाचते, मग तपासते. वेग निम्म्यावर आलाय. यंदा कोर्स पुरा होणार नाही. हत्ती आला तर त्यालाही गेटवर थांबावं लागेल. फोन वाजला की आता मी चष्मा लावून नाव वाचते, आणि वॉचमन माझ्यावर वैतागतो.

काल रुचिताचा फोन आला. म्हणाली, "मॅडम, 'इफ' राहिलं आपलं." खरंच राहिलं होतं, जुलैच्या शेवटी घेणार होते. म्हटलं, "घे आत्ता, बोल." मग म्हणाली, "इफ ही कम्स, आय विल शाऊट."

तो आला, तर मी ओरडेन. दोन्ही तुकडे चोख होते, चांदणी द्यावी असे. मी म्हटलं, "ओरडून दाखव."

"आत्ता? मॅडम, शेजारी येतील ना."

"येऊ देत. दाखव."

ती ओरडली. मला फोन कानापासून लांब धरावा लागला. पलीकडे दार उघडल्याचा आवाज झाला, मग दुसरं, मग बायकांचे, कुणा म्हाताऱ्याचे आवाज, "काय झालं? काय झालं गं?" आणि त्या गोंधळात रुचिता हसत होती, आणि मध्येच रडत होती, आणि इशितापण ओरडायला लागली होती, नुसतंच, मजा म्हणून. सगळे दमून गप्प होईपर्यंत ऐकत बसले.

माझं प्लास्टर गुरुवारी निघालं. हात बारीक झालाय, दुसऱ्या कुणाचा वाटतो. फ्रीज साफ करताना मागे बर्फाचे दोन ट्रे सापडले, निळे, माझे नव्हेत. त्या दिवशी ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हातावर ठेवायला दुसऱ्या मजल्यावरच्या नीलेशच्या आईने आणून दिले होते. ती कधी आली, कधी गेली, मला कळलंही नव्हतं. ट्रे घासले. पाणी भरून फ्रीजरमध्ये ठेवले आणि आज दुपारी बर्फ जमल्यावर वर घेऊन गेले.

"अहो, बर्फ कोण परत करतं?" ती म्हणाली.

मी ट्रे पुढे केले. गार लागत होते, म्हणून तिने ते पदरात धरून घेतले.

तुझी,
मृणालिनी